अकरा महिन्यांनी येणारे पाहुणे

दर अकरा महिन्यांनी निमकरकाका आपल्या भाडेकरूला घर खाली करायला लावायचे आणि दोन दिवसांसाठी त्याला बायकोमुलीसकट स्वतःच्याच घरी राहायला आणायचे.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शेजारी. काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मी दुसऱ्या मंत्रालयात त्यांच्याहून दोन पायऱ्या खाली. एका शनिवारी सकाळी त्यांच्या दारात ऑटो थांबली. आतून एक उंच, सावळा माणूस, त्याची बायको, पाच-सहा वर्षांची मुलगी, एक पत्र्याची ट्रंक आणि एक मिक्सर उतरला.

"पाहुणे वाटतं, काका?" मी विचारलं.

काकांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "नातेवाईक. सोलापूरकडचे."

त्या माणसाने हात जोडले. "नमस्कार. कसं काय?"

"बरं आहे. प्रवास कसा झाला?" मी म्हटलं. तो घाबरून काकांकडे बघायला लागला. पुढचा धडा झालेला नव्हता.

नंतर वसुधाकाकूंनीच सगळं सांगितलं. पाहुण्यांचं नाव महतो. मूळचे झारखंडचे, दिल्लीबाहेर मानेसरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. काकांनी मानेसरला एकाच इमारतीत दोन छोटे फ्लॅट घेतले होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर जाणार, तेव्हा पेन्शनीला भाड्याचा टेकू असावा म्हणून. फ्लॅट घेतले त्या दिवसापासून काकांची झोप गेली. ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं की भाडेकरू सलग राहिला तर घर त्याचंच होतं. म्हणून करार अकरा महिन्यांचा. मग दोन दिवस घराला कुलूप, म्हणजे ब्रेक, आणि नंतर नवा करार.

बाकीचे घरमालक हा ब्रेक कागदावर घेतात. काकांना ते पटेना.

"उद्या कोर्टात जजने विचारलं, त्या दोन दिवसांत तुम्ही कुठे होता? तर महतो काय सांगेल? घरीच होतो म्हणून सांगेल! तो खरं बोलणारा माणूस आहे शिरीष, हीच तर पंचाईत आहे."

तेव्हा महतोने खरोखर निघायचं. सगळं सामान हलवणं शक्य नाही, म्हणून ट्रंक आणि मिक्सर. मिक्सर हलला की संसार हलला, असा काकांचा हिशेब. राहायचं कुठे, तर काका म्हणाले लॉजवर. त्यावर काकू म्हणाल्या, "लहान पोरीला घेऊन लॉजवर? आणा त्यांना इकडे." तसे ते इकडे आले. आता काकांना नवी धास्ती. सरकारी क्वार्टरमध्ये परकी माणसं दिसली, कुणी तक्रार केली की निमकरांनी क्वार्टर भाड्याने दिलंय, तर? म्हणून सोलापूर.

घरमालक म्हणजे छाती काढून चालणारा माणूस, अशी माझी समजूत होती. काकांनी ती मोडली. मानेसरहून फोन आला की ते आधी खुर्चीवर बसायचे, मग उचलायचे आणि म्हणायचे, "मला काही सांगू नका, पण झालं काय?" हिंदीतसुद्धा हेच: "मुझे कुछ मत बताइए, लेकिन हुआ क्या?" एकदा महतोने दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. त्या संपेपर्यंत काकांचा सदरा भिजला होता.

फ्लॅट घेतल्याचं त्यांनी नियमाप्रमाणे ऑफिसला कळवलं, ते बरोबरच. पण पुढे गीझर बसवला, तोही कळवला. तीन प्रतींमध्ये. ऑफिसने उत्तर पाठवलं नाही, तर त्याची चिंता. "उत्तर नाही म्हणजे फाइल उघडली असणार," ते म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माणसं टिकायची नाहीत. एकजण ढोलक वाजवायचा. दुसऱ्याने बाल्कनीत कबुतरं पाळली. तिसरा जाताना फरशी घासूनपुसून, खिडक्यांच्या काचा चमकवून गेला, तर काका आठवडाभर अस्वस्थ. "इतकं स्वच्छ का केलं त्याने? काय लपवलं असेल?" दर दुसऱ्या रविवारी ते पाहणीला जायचे, कधीकधी मला घेऊन. धौला कुआँपासून बस. वाटेत त्यांचं एकच पालुपद: "राहिले तर कब्जा, गेले तर कुलूप! माणसाने करावं काय?"

वरच्या फ्लॅटमधला महतो मात्र टिकला. आणि दर अकरा महिन्यांनी ट्रंक, मिक्सर, ऑटो.

त्या दोन दिवसांत निमकरांच्या घराला वेगळाच आवाज यायचा. काकू पुरण घालायच्या, महतोची बायको सुनीता अंगणात शेगडी पेटवून लिट्टीचे कणकेचे गोळे भाजायची. मुलगी, गुडिया, काकांच्या मागे मागे. तिने इतकं मराठी उचललं की दुसऱ्या वर्षी सोलापूरचं नाव सांगायची जबाबदारी तिच्यावरच आली. काकांना ती आजोबा म्हणायची. निमकरांना मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारली नाही.

तिसऱ्या वर्षी ब्रेक दोनाचा चार दिवसांचा झाला. "कायद्याला दोन दिवस पुरतात की नाही, मला शंका आहे," काका म्हणाले. पाचव्या वर्षी आठवडा. महतोची ड्यूटी असायची, तो पहाटे कंपनीची बस गाठायला इथून निघायचा, पण कधी कुरकुरला नाही. मी एकदा काकांना म्हटलं, "अहो, पंधरा दिवस ठेवून घ्या, कायदा एकदम पक्का होईल." त्यांनी थट्टा ओळखली नाही. "विचार करतोय," म्हणाले.

मग सातव्या वर्षी, करार संपायला चार महिने असताना, एका रविवारी महतो एकटाच दारात उभा राहिला. ट्रंक नाही, मिक्सर नाही. मी काकांकडे पेपर वाचत बसलो होतो. काकू मंडईत गेल्या होत्या.

"मुझे कुछ मत बताइए," काका उभे राहत म्हणाले, "लेकिन हुआ क्या?"

झालं असं होतं की महतोने हायवेवर पुढे, धारूहेड्याच्या बाजूला, स्वतःसाठी फ्लॅट पाहिला होता. बँकेने कर्ज द्यायचं कबूल केलं होतं. दलाल घाई करत होता.

"काका, आप देख लीजिए. कागज भी, मकान भी. आप हाँ बोलेंगे तो लेंगे. आप ना बोलेंगे तो बात खतम."

काकांनी पुढच्या रविवारी यायचं कबूल केलं.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते मला भिंतीपलीकडून कळत होतं. येरझाऱ्या चालू. माझी बायको म्हणाली, "काका नकोच म्हणणार. त्यांनी आयुष्यात कशाला हो म्हटलंय?" मलाही तसंच वाटत होतं. शिवाय त्यांच्या दृष्टीने ते सोयीचंही होतं. असा भाडेकरू पुन्हा कुठे मिळणार?

रविवारी आम्ही गेलो. चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काकांनी तीन तास लावले. प्रत्येक भिंतीला तळहात लावून ओल पाहिली. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून उतार पाहिला. सगळे नळ उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. मग गच्चीवर जाऊन कठड्यापाशी एकेक कागद उन्हात धरून वाचला, शिक्क्यांसकट. दलाल सारखा घड्याळ बघत होता.

आम्ही खाली आलो तेव्हा सुनीता स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून उभी होती, ओढणीचं टोक तोंडाशी. गुडिया आता बारा वर्षांची झाली होती. तिने खिडकीजवळचा एक कोपरा धरला होता आणि तिथून हलत नव्हती.

"काका," महतो म्हणाला, "लें?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एखाद्या फाइलवर 'तपासून पुन्हा सादर करावे' लिहिण्याआधीचा चेहरा मला ओळखीचा होता. आता नुसतं 'थोडा रुको' म्हटलं असतं, तरी ही तिघं मुकाट्याने मानेसरला परतली असती.

"ले लो," काका म्हणाले.

दलालसुद्धा दचकला.

"आजोबा, खरंच?" गुडिया मराठीत म्हणाली.

"खरंच. कागद स्वच्छ आहेत." मग महतोकडे वळून, "बेफिक्र होकर ले लो."

सुनीता त्यांच्या पाया पडायला वाकली. काका एकदम मागे सरकले आणि नळाला धडकले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मानेसर आलं, गेलं. त्यांनी बाहेर पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "काका, काहीच दोष नव्हता?"

"नव्हता कसा? पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं. जिन्याला खिडकी नाही. न्हाणीघराचा उतार थोडा उलटा आहे, पाणी दाराशी साचेल."

"मग बोलला का नाहीत?"

"महतोला फोन करून सांगेन. जाड पडदे घे, न्हाणीघरातली फरशी काढून नीट बसवून घे. ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "नको म्हणायचं ठरवूनच निघालो होतो, शिरीष. घरून निघताना शब्दसुद्धा जुळवले होते. काय काय दोष काढायचे ते ठरलं होतं, घर बघायच्या आधीच."

कंडक्टर तिकिटं तपासून पुढे गेला.

"ती पोरगी त्या कोपऱ्यात उभी होती ना," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

धौला कुआँला उतरलो. मी ऑटोला हात केला, तर त्यांनी माझा हात खाली घेतला. "चालत जाऊ या."

"काका, तासभर लागेल."

"लागू दे. वसुधाला काहीच माहीत नाही. कसली तरी पाहणी आहे, एवढंच सांगून आलोय. तिला काय सांगायचं ते ठरवायला मला तेवढा वेळ हवा."

आम्ही चालायला लागलो. गाड्या बाजूने सुसाट चालल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीला मला ऐकू आलं नाही. मग लक्षात आलं, ते हळू आवाजात म्हणून बघत होते: "वसुधा, एक चांगली बातमी आहे." थोडं चालायचे, घसा खाकरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. 'चांगली' या शब्दावर आवाज नीट लागत नव्हता.