शिखर चढल्याचा दाखला

शहराच्या मागे एक डोंगर आहे आणि त्या डोंगराला शिखर आहे, या गोष्टीची नगरपालिकेच्या दप्तरी पुष्कळ वर्षं नोंद नव्हती. नोंद नसल्यामुळे डोंगराचं काही अडत नव्हतं. लोक सुट्टीच्या दिवशी चढायचे, वरून बंदर बघायचे, आपलं घर नेमकं कुठलं यावरून नवरा-बायको वाद घालायचे आणि उतरायचे. पुढे कुणीतरी टोकावरच्या कातळावर उभं राहून, समुद्राकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून फोटो काढला. तो इतका गाजला की डोंगरावर जाऊन दुसरं काही करता येतं हेच लोक विसरले.

कातळावर एका वेळी एकच माणूस मावायचा. त्यामुळे रांग लागली, आणि रांग दिसल्यामुळे आणखी माणसं आली. दीड तास चढायचं, अडीच तास पुढच्याची पाठ बघायची आणि आपला नंबर आला की आपली पाठ समुद्राला दाखवायची, असा कार्यक्रम ठरून गेला.

या सगळ्या गर्दीत रोज शिखरावर जाणारा, पण त्या कातळावर एकही फोटो नसलेला माणूस एकच होता. तो हवामान खात्याचा निरीक्षक. त्याच्या पगारपत्रकावर लांबलचक हुद्दा होता, पण अख्खं बंदर त्याला वारामास्तर म्हणायचं. तेवीस वर्षं मास्तर पहाटे मागच्या पायवाटेने चढत होते. सात वाजता शिखरावरच्या यंत्रावर वाऱ्याचा वेग आणि दिशा बघायची, वहीत लिहायची आणि खांबावर निशाण चढवायचं. वारा बरा असेल तर पांढरं, नसेल तर लाल. निशाण बघून बंदरातल्या होड्या सुटायच्या किंवा थांबायच्या. त्यातली एक होडी मास्तरांच्या जावयाची होती. तेवीस वर्षांत मास्तर तापाने फणफणले असतील, पण निशाण चुकलं नव्हतं.

गर्दी आवरण्यासाठी नगरपालिकेने शिखर व्यवस्थापन कक्ष उघडला. त्याचे अधीक्षक गुडघेदुखीमुळे डोंगर चढू शकत नव्हते, आणि त्यामुळेच ते या विषयाकडे तटस्थपणे पाहू शकतात, असं त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात म्हटलं होतं. त्यांचा पहिला उपाय साधा होता. जो एकदा चढला त्याला एक दाखला द्यायचा, म्हणजे तो पुन्हा येणार नाही. दाखला जाड कागदावर छापला आणि त्यावर सोनेरी शिक्का मारला, ही चूक झाली. सोनेरी शिक्का मारलेली वस्तू आपल्याकडे नाही आणि शेजाऱ्याकडे आहे, हे दुःख माणसाला सोसत नाही.

वर्षभरात दाखल्याचं महत्त्व वाढलं. कंपन्या मुलाखतीत तो मागू लागल्या, कारण जो शिखर चढला तो जिद्दी असणार. शाळा प्रवेशाच्या वेळी आईवडलांचा दाखला मागू लागल्या, कारण जिद्द रक्तातून उतरते. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे विचारायचे, मुलगी चढली आहे का, आणि मुलीकडचे म्हणायचे, आमचं सगळं घर चढलेलं आहे. गर्दी कमी होण्याऐवजी चौपट झाली.

तेव्हा अधीक्षकांनी दुसरा उपाय काढला. पायथ्याशी, वाहनतळाच्या मागे, सिमेंटचा एक कातळ बांधला. मागे रंगवलेलं शहर, रंगवलेला समुद्र, आणि केस उडावेत म्हणून समोर एक मोठा पंखा. कातळाआधी चार मिनिटांचा उतरता-चढता पट्टा होता, त्यावर चालल्याशिवाय पुढे सोडत नसत. पट्ट्याच्या शेवटी एक बाई कपाळावर पाण्याचा फवारा मारायची. खऱ्या शिखरावर कधी ढग यायचे, कधी ऊन डोळ्यांवर यायचं, त्यामुळे फोटो एकसारखे येत नव्हते आणि त्यात समानतेच्या तत्त्वाचा भंग होत होता. म्हणून यापुढे दाखला फक्त पायथ्याला मिळेल असा नियम झाला. कुणी तक्रार केली नाही. उलट, हे आधीच का नाही सुचलं असं लोक म्हणाले.

महिनाभरात खरं शिखर ओस पडलं. मास्तरांना बरं वाटलं. वर पुन्हा पक्षी येऊ लागले आणि निशाणाच्या दोरीला कुणी पिशव्या अडकवेनासं झालं. पण कमी वापराची जागा कुंपण घालून बंद करायची असते, आणि बंद जागेत फक्त पात्र माणसालाच जाता येतं. तिसऱ्या महिन्यात फाटक बसलं, आणि मास्तरांच्या हाती एक पत्र पडलं. शिखरक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत शिखर चढल्याचा दाखला सादर करावा. न केल्यास त्याचा प्रवेश थांबवला जाईल.

मास्तरांना पत्र वाचून हसू आलं. तेवीस वर्षं म्हणजे आठ हजारांच्या वर चढण झाली, आता दाखला नाही मिळणार तर कुणाला मिळणार? वाऱ्याच्या तेवीस वह्या दोन पिशव्यांत भरून ते कक्षात गेले.

खिडकीत बसलेल्या लेखनिक बाईने वह्या उघडूनही पाहिल्या नाहीत. स्वभावाने ती वाईट नव्हती. खुर्चीत मात्र ती पक्की बसलेली होती.

"काका, हे वाऱ्याचे पुरावे झाले. तुमचे नाहीत."

"वारा वरचा आहे. मी वर गेल्याशिवाय लिहिला कसा?"

"ते वाऱ्याला विचारावं लागेल." तिने एक अर्ज पुढे सरकवला. "हा भरा. सोपा आहे, आमच्याकडे नव्वदीच्या आजीबाईसुद्धा भरून गेल्या."

अर्ज खरंच सोपा होता. नाव, पत्ता, रक्तगट, आणि चौथा रकाना: आपण यापूर्वी हे शिखर चढला आहात काय? मास्तरांनी जन्मात कुठल्या रकान्यात खोटं लिहिलं नव्हतं. वारा ताशी अकरा असेल तर त्यांनी कधी दहा लिहिला नाही. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, होय, अंदाजे आठ हजार वेळा.

बाईने अर्ज परत केला. दाखला गर्दी कमी करण्यासाठी होता, एकदा चढलेल्याने पुन्हा येऊ नये म्हणून, तेव्हा तो अजून न चढलेल्यांसाठीच होता. चढून झालेल्या माणसाला द्यायचा म्हटलं तर योजनेचा हेतूच कोलमडतो, हे तिने शांतपणे समजावून सांगितलं. मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत वर करून पोटऱ्या दाखवल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं त्यांना वाटलं. बाईने मान दुसरीकडे वळवली आणि सभ्यतेने वागण्याची सूचना वाचून दाखवली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिच्या मागे भिंतीवर तिचा स्वतःचा दाखला फ्रेममध्ये होता. डोंगर तिने फक्त गच्चीवरून पाहिला होता.

"अहो, 'नाही' लिहा ना. दोन अक्षरं तर आहेत."

"खोटं आहे ते."

"न चढता मला मिळाला, चढून तुम्हाला नाही मिळाला. आता कोण शहाणं ते तुम्हीच ठरवा."

त्या रात्री जेवताना लेकीचा फोन आला आणि ती सहज म्हणाली, बाबा, पुढच्या महिन्यात हे लांबच्या पाण्यात जाणार आहेत, निशाणाकडे लक्ष ठेवा. फाटक बंद झालं तर निशाण कोण चढवणार, हा प्रश्न पत्रात कुठेच नव्हता.

त्यांनी अपील केलं. सुनावणी महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि त्या पहाटे फाटक मास्तरांसाठी उघडलं नव्हतं. अपील ऐकायला तीन सभ्य नागरिकांची समिती होती. दाखला असलेल्यांतूनच ती नेमायची पद्धत होती: एक दंतवैद्य, एक फर्निचरचे व्यापारी आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिघांनीही मास्तरांना आदराने बसवलं. पाणी विचारलं. मग दंतवैद्यांनी चष्मा लावला.

"शिखर चढायला किती वेळ लागतो, सांगा."

"दीड तास. पाऊस असेल तर दोन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुख्याध्यापिका बाईंना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. विद्यार्थी पहिल्याच प्रश्नाला चुकला की वाटतं तसं.

"अधिकृत वेळ चार मिनिटं आहे," व्यापारी म्हणाले. "आम्ही तिघंही चढलोय. बरं, वर पोचल्यावर वारा कुठून येतो?"

"कधी नैऋत्येकडून, कधी वायव्येकडून. ऋतूवर आहे."

"समोरून येतो," दंतवैद्य हळूच म्हणाले. "नेहमी समोरून. आणि मघाशी तुम्ही फवाऱ्याचा उल्लेखही केला नाहीत."

समितीचा निष्कर्ष एकमताने झाला. अपीलकर्ता शिखर कधीच चढलेला नाही, हे त्याच्या वर्णनावरून उघड आहे. मास्तर उठायला लागले, तर मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना थांबवलं. आता अडचण कुठे राहिली, त्या म्हणाल्या. न चढलेला माणूस दाखल्याला पात्रच असतो. मी कधी चढलो नाही, एवढं एका ओळीत लिहून सही करा, आजच्या आज दाखला देतो. तिघांचे चेहरे उजळले. एखाद्या माणसाचं काम करून देण्यात जे समाधान असतं ते त्यांना पुरेपूर मिळत होतं.

कागद समोर आला. मास्तरांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आठ हजार पहाटा एका ओळीत पुसायच्या होत्या. घसरून गुडघा फुटला ती पहाट, मुलगी झाली ती पहाट, वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. दुसऱ्या बाजूला लांबच्या पाण्यात जाणारी एक होडी होती. मास्तरांनी सही केली. अक्षर थोडं वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

मग पट्ट्यावर चार मिनिटं चालणं, कपाळावर फवारा, सिमेंटच्या कातळावर हात पसरणं. अकरा वाजता दाखला हातात होता. तो घेऊन ते थेट फाटकाशी गेले आणि तिथल्या पहारेकऱ्याने त्यांना सलाम ठोकला. त्या दिवशीचं निशाण साडेपाच तास उशिरा का होईना, चढलं.

दुपारी तीन वाजता दुसरं पत्र आलं, या वेळी हवामान खात्याचं, नगरपालिकेच्या कळवण्यावरून. आपण शिखर कधीही चढला नसल्याचं आपल्या सहीनिशी निष्पन्न झालं आहे. सबब तेवीस वर्षांत आपण सादर केलेल्या वाऱ्याच्या सर्व नोंदी बनावट ठरतात. आपली सेवा तत्काळ समाप्त करण्यात येत आहे. आपला दाखला मात्र वैध राहील, अशी नगरपालिकेची तळटीप होती. कुणाचा मिळालेला हक्क काढून घेण्याच्या विरोधात नगरपालिका होती.

मास्तरांच्या जागी एक हुशार तरुण अधिकारी आला. त्याने पहिल्याच आठवड्यात वारामापक यंत्र खाली आणून सिमेंटच्या कातळावर बसवलं. चढण्यात जाणारे मनुष्यतास वाचले. निशाणही तिथेच लागलं, पांढरं, फोटोत उठून दिसेल असं. पंख्याचा वारा रोज सात वाजता मोजला जाऊ लागला आणि लोकांच्या फोनवर जाऊ लागला: वारा मंद, समोरून, आल्हाददायक. हवामानाचा इतका स्थिर अंदाज शहराला याआधी कधी मिळाला नव्हता. वर्षअखेरीला खात्याला उत्कृष्ट सेवेचं मानचिन्ह मिळालं.

मास्तर घरीच असायचे. मिळवायचं तेही मिळालं नाही आणि होतं तेही गेलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. बायको बिचारी एका शब्दानेही टोचत नव्हती. तिने स्वतःचा दाखला भिंतीवरून काढून कपाटात ठेवून दिला होता, आणि मास्तरांना ते दिसलं होतं.

मग एक सकाळ आली. मास्तर गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि कानामागे त्यांना वारा लागला. नैऋत्येचा, थांबून थांबून येणारा, मध्ये एकदम पडणारा. असा वारा त्यांनी तेवीस वर्षांत तीनदा लिहिला होता, आणि तिन्ही वेळा संध्याकाळपर्यंत समुद्र किनाऱ्यावरचा रस्ता ओलांडून आला होता. हातातला शर्ट तसाच टाकून ते बंदराकडे धावले.

धक्क्यावर जावयाने फोन दाखवला. त्यात मंद, आल्हाददायक लिहिलं होतं. मग त्याने सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला.

"बाबा, सुटू नको म्हणता?"

"सुटू नकोस."

जावयाने दोर पुन्हा बांधला. ते बघून बाजूच्या होडीने बांधला, मग त्याच्या बाजूच्या. दहा मिनिटांत धक्क्यावरच्या सगळ्या होड्या बांधल्या गेल्या, एकही सुटली नाही, आणि मास्तरांच्या दाखल्याची चौकशी तिथे कुणी केली नाही.

पण होड्या थांबल्या म्हणजे पाणी थांबत नाही. किनाऱ्याच्या रस्त्याला लागून चार-पाच मजली इमारती आहेत, तळमजल्यावर माणसं राहतात, खाली गाड्या असतात. मास्तर एकेका इमारतीत शिरले आणि दारं वाजवू लागले. गाड्या वर घ्या, खालचं सामान हलवा, संध्याकाळी बाहेर पडू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. बहुतेकांनी दार किलकिलं करून विचारलं, तुम्ही कुठल्या खात्याचे? काहींनी ओळखपत्र मागितलं. एका गृहस्थांनी फोनवरचा अंदाज त्यांच्याच तोंडासमोर धरला आणि अफवा पसरवण्याला शिक्षा असते हे सौम्य शब्दांत सांगितलं.

दुपारी बाराच्या सुमाराला तुमचीही बेल वाजली होती. तुम्ही दाराच्या भिंगातून पाहिलंत. चुरगळलेला शर्ट, घामाघूम झालेला एक म्हातारा, हातात ना कागद ना पिशवी. काहीतरी मागायला आला असेल असं तुम्ही आत सांगितलंत. तो आणखी एकदा बेल वाजवून थोडा वेळ उभा राहिला, आणि मग वरच्या मजल्यावर गेला.