तळपेठेच्या वीजमोजणीची आणि मोरवाल्या कूलरची हकीकत

॥ श्री ॥ आकडा मांडावयाची बुद्धी देणारा गजानन, आणि मांडलेला आकडा खोडावयाचे धैर्य देणारी भवानी, उभयतांस दंडवत घालोन वर्तमान लिहिले जाते ऐसे जे. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, चैत्रमासी उन्हाळा भारी पडला, आणि घरोघर पंखे फिरो लागले, आणि राज्यात विजेचा तुटवडा जाहाला. मग प्रधानजींनी दरबार भरवोन आज्ञा केली की, "कोणत्या घरी वीज किती जळते आणि कशापायी जळते, याची मोजणी करावी. जी पेठ सर्वांत अधिक जाळीत असेल, तिची वीज उन्हाळाभर रोज सांजवेळी बंद ठेवावी. अक्षय्यतृतीयेस आकडे हुजूर यावे." कपातीची गोष्ट लोकांस आधी कळू नये, नाही तर लोक दिवे मालवून साळसूद बसतील, हेही बजाविले. प्रधानजी हुशार खरे, परंतु तळपेठ त्यांनी पाहिली नव्हती.

तळपेठेवर मोजणीदार विसाजीपंत पुंडले यांची नेमणूक जाहाली. पंत म्हणजे चोख गृहस्थ. कुटुंब मागेच निवर्तलेले, मूलबाळ नाही, दोन वेळा खाणावळीत जेवावे आणि आकड्यांत जीव रमवावा, ऐसा क्रम. त्यांची रीत ऐसी की एका घरी एक दिवस मीटरसमोर बसावे, आणि कोणते यंत्र केव्हा लागले, केव्हा बंद जाहाले, हे टिपोन घ्यावे. ऐसे पंत पहिल्या घरी गेले, आणि घरच्यांनी पंखा लाविला, आणि शेजारी कूलर लाविला, आणि पाहुण्यास करमावे म्हणोन टीव्ही लाविला, आणि भर चैत्रात स्नानास गीझर तापविला, आणि मिक्सर फिरवोन पन्हे केले. पंतांस इतके लाड करोन घेण्याची सवय कुठली असावी? बिचारे सुखावले, आणि पन्हे पिऊन सर्व इमानाने टिपते जाहाले. मग दुसरे घर, मग तिसरे, आणि सर्वत्र तोच थाट. आकडे ऐसे फुगले की तळपेठेपुढे सरकारवाडाही फिका पडावा. पंतांचे चित्त खट्टू जाहाले. इतकी मायेची माणसे, आणि आपल्याच हातून त्यांच्या दारी अंधार जाणार, हे त्यांस गोड लागेना.

पुढे द्वारकाबाई लोणकर यांचे घर आले. बाई शिवणकाम करीत. विजेवरचे मशीन होते, आणि दिवसा पाणी, स्वयंपाक, सासूचे औषध यांतून हात सुटेना म्हणोन सारे शिवण सांजवेळीच होई. लग्नसराईचे ब्लाऊज कोनाड्यात रचोन ठेविले होते. पंत त्या दिवशी लवकर पोहोचले, तो काय पाहतात, बाईंचे यजमान रावजी हातगाडीवर कूलर घालोन घामाघूम होत मागील दाराने येत आहेत, आणि कूलरवर मोराचे चित्र, मोराची चोच उडालेली. पंतांनी हा मोर कालच्या घरी पाहिला होता. परवाच्या घरीही पाहिला होता.

पंत म्हणाले, "रावजी, हा कूलर कोणाचा?"

रावजी ओशाळले आणि बाईंकडे पाहो लागले. बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मंडपवाल्यांचा आहे, पंतसाहेब. अख्ख्या पेठेत एवढा एकच. तुम्ही जिथे जाल तिथे तुमच्या आधी पोचवायचा, असं आम्ही ठरवलंय. पाहुणा घामाघूम बसलेला आमच्या पेठेत चालत नाही."

"आणि गीझर? टीव्ही?"

"गीझर दिवाळीतल्या अंघोळीला लागतो. आणि टीव्ही दिवसाढवळ्या बघायला वेळ कोणाला आहे इथं?"

पंतांनी आकड्यांची वही मिटली. मोजली ती पेठ नव्हे, पेठेने केलेला आपला पाहुणचार मोजला, हे त्यांस उमगले. मग आज्ञा बाजूस ठेवोन त्यांनी कपातीची गोष्ट सांगितली, आणि बाईंचा चेहरा उतरला.

"सांजची वीज गेली तर माझं मशीन बंद, पंतसाहेब. हे ब्लाऊज काय पणतीच्या उजेडात शिवू? मुहूर्त थांबतात होय कोणासाठी?" मग श्वास घेवोन म्हणाल्या, "बरं, कळलं. आता काही म्हणता काही लावत नाही." आणि बोलता बोलता हात वर करोन पंख्याचे बटन दाबते जाहाल्या.

ऐसा तमाशा. पंतांनी पंखा बंद करावा आणि बाईंनी लावावा. पंत म्हणाले, नको, तर बाई रागावल्या की, "आमच्या घरचा वाराही चालत नाही का तुम्हाला?" कळते पण वळत नाही, त्यास पंतांनी तरी काय करावे? मग त्यांनी मनाशी निश्चय केला की, पाहुणा आहोत तोवर खरा आकडा मिळणे नाही, सबब पाहुणेपण झिजेतोवर येथोन हलणे नाही. वळकटी आणोन ओसरीवर मुक्काम ठोकला. रावजींनी कपाळास हात लाविला. प्रथम ताटात श्रीखंड आले, मग शिरा आला, मग नुसती पोळीभाजी आली, आणि एके सकाळी शिळ्या भाकरीचा कुस्करा आला, तेव्हा पंतांस आशा वाटो लागली. आणि मग एके दुपारी द्वारकाबाई चिंचेची परात घेवोन ओसरीवर आल्या, वर न पाहता विळी पुढे सरकाविली आणि म्हणाल्या, "दादा, रिकामेच बसलात, एवढी चिंच फोडा की. आणि तो पंखा बंद करा, दारातून वारा येतोय चांगला."

पंतांनी पंखा बंद केला. मीटरची गती मंदावली. चिंचोके काढिता काढिता पंतांचे डोळे भरोन आले, आणि चिंच आंबट आहे, ऐसे ते रावजींस सांगते जाहाले. एका घरचे जाहाले ते पेठेचे जाहाले. मग पंत ज्या घरी जात तेथे कोणी वाल सोलावयास देई, कोणी रडते मूल मांडीवर देई, आणि खरे आकडे आपसूक येत गेले.

अक्षय्यतृतीयेस पंत हुजूर गेले, आणि जुने आकडे खोडोन नवे मांडिलेली वही पुढे ठेविली. नवे आकडे जुन्यांच्या पावपटही नव्हते. प्रधानजींच्या भुवया चढल्या. म्हणाले, "पंत, तुम्ही त्यांचे मीठ खाल्ले. आम्ही स्वतः येऊन पाहू, आणि खोटे निघाल्यास पेठेची वीज जाईल आणि तुमची चाकरीही." न कळविता यावयाचे ठरले, परंतु प्रधानजींची स्वारी, ती लपते कोठे? वेशीत घोडा दिसताच पेठेत बातमी फुटली. पंत घरोघर हात जोडीत धावले की, "काही लावू नका," आणि लोक म्हणाले, "छे हो पंत, काही नाही," आणि मंडपवाल्याने लग्नाच्या दिव्यांच्या माळा काढिल्या, आणि मोरवाला कूलर द्वारकाबाईंच्या ओसरीवर आला, आणि घरोघर होते नव्हते ते सर्व सुरू जाहाले. सांजवेळी प्रधानजी ओसरीवर विराजमान जाहाले, कपाळावर वारा आला, आणि तोच नाक्यावरची डीपी धडाड् करोन उडाली. पेठ काळीठिक्कर.

द्वारकाबाईंनी कंदील आणोन ठेविला. पंतांस वाटले, सर्व बुडाले. हातास चाळा हवा म्हणोन त्यांनी परात ओढिली, आणि सवयीने बोलोन गेले, "प्रधानजी, रिकामेच बसलात, एवढी चिंच फोडा." बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. प्रधानजींनी पंतांकडे पाहिले, परातीकडे पाहिले, आणि काय मनात आले न कळे, बाह्या सारोन चिंच उचलिली. रावजी खुदकन हसले, मग द्वारकाबाई हसल्या, मग प्रधानजी, आणि गोष्टी निघाल्या, लेकीसुनांच्या, गुडघेदुखीच्या. पुढे तारवाले आले, पुन्हा उडू नये म्हणोन घरोघर एक दिवा सोडोन बाकी सर्व बटने बंद करविली, आणि डीपी दुरुस्त जाहाली. वीज परतली. दिव्याखाली सगळ्यांचे हात चिकट, गप्पा भरात, म्हणोन पंखा लावावयास कोणी उठले नाही. बाईंनी पंतदादांस विचारोन तेवढे मशीन सुरू केले. पंतांनी मीटरकडे बोट केले. प्रधानजींनी वाकोन पाहिले. मीटर फिरत होते ते पंतांच्या आकड्याबरहुकूम.

एवंच, कपात रद्द जाहाली. सरकारवाड्याची मोजणी पंतांनी केली, तेव्हा सर्वांत अधिक वीज तेथेच जळते ऐसे निघाले, आणि सांजची कपात प्रधानजींनी आपल्या दिवाणखान्यास लाविली. राज्यात नवा कायदा जाहाला की, ज्या घरी मोजणीदारास काम सांगितले नाही, त्या घरचा आकडा धरू नये. खाणावळ सुटली, वार लावोन एकेका घरी पंतांचे ताट पडू लागले. पंत रविवारी द्वारकाबाईंकडे जेवावयास जात, तेव्हा मशीनवरून कोणी उठत नसे, आणि पंत माठातले पाणी आपल्या हाते घेवोन पीत, आणि उकडत असले तर पंखाही आपणच लावीत.