थेट जनतेतून न्यायाधीश

तालुक्याच्या कोर्टातला न्यायाधीश यापुढे थेट जनतेतून निवडावा, असा प्रायोगिक निर्णय शासनाने यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यासाठी घेतला. सरपंच जनतेतून येतो, नगराध्यक्ष जनतेतून येतो, मग न्यायाधीशानेच काय घोडं मारलंय, असा परिपत्रकाचा एकंदर आशय होता.

अॅडव्होकेट गुलाबसिंग आडे यांना मनापासून आनंद झाला. ते त्यांच्या बंजारा तांड्यातले पहिले वकील. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, भांडणं ऐकून दोन वाक्यांत निवाडा देताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं आणि तेव्हापासून तशा खुर्चीची त्यांना ओढ होती. वकिली मात्र सगळी धुऱ्यांवर गेली. दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोणी किती कोरला, हे सांगण्यात त्यांचे केस पांढरे झाले.

पहिल्या निवडणुकीत त्यांनी ‘निःपक्ष न्याय’ एवढीच घोषणा दिली. सभेत एक म्हातारा शांतपणे उठला. म्हणाला, “निःपक्ष म्हंजे आमच्या बाजूनं नाही, असंच ना वकीलसाहेब?” आडेसाहेबांची अनामत जप्त झाली.

दुसऱ्या वेळी ते शहाणे झाले होते. घरोघरी जाऊन चहा घ्यायचा, प्रलंबित प्रकरणाची आस्थेने चौकशी करायची आणि निघताना खांद्यावर हात ठेवायचा, असा कार्यक्रम आखला. धुऱ्यासाठी कोर्टात गेलेल्या विमलताईंच्या ओसरीवर त्यांनी सांगितलं, धुरा तुमचाच. शेजारच्या किसनरावांकडे पोहे खाताना सांगितलं, धुरा तुमचाच. प्रचंड मतांनी निवडून आले.

खुर्चीवर बसल्यावर अडचण लक्षात आली. प्रत्येक खटल्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजू मतदार असतात. साहेबांनी कायद्याच्या चौकटीत राहून मार्ग काढला. ते तारीख देऊ लागले. तारीख मिळालेला माणूस जिंकलेला नसतो, पण हरलेलाही नसतो. तालुका समाधानी होता. चौकाचौकांत साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले. वादी आणि प्रतिवादी यांचे फोटो त्यावर शेजारी शेजारी असत.

मुदत संपत आली तेव्हा विमलताई कोर्टात उभ्या राहिल्या आणि वकिलाला बाजूला सारून स्वतःच बोलल्या. “साहेब, मले निकाल पायजे. विरोधात गेला तरी चालते. धुरा कुठी आहे तेच ठरलं नाही, त मी तूर कुठवर पेरू?”

साहेबांना लाज वाटली. खरी लाज, कोटाच्या आत घाम फुटवणारी. त्यांनी मोजणीचा नकाशा मागवला, साक्षी वाचल्या आणि त्याच आठवड्यात निकाल दिला. नकाशाप्रमाणे धुरा विमलताईंचा होता. त्या दिवशी घरी जाताना त्यांना कित्येक वर्षांनी नायकाची आठवण झाली आणि बरं वाटलं.

तालुक्यात मात्र हाहाकार उडाला. किसनरावांची भावकी रागावली, ते समजण्यासारखं होतं. पण बाकीचेही घाबरले. हा माणूस निकाल देतो, ही बातमी बाजाराच्या दिवशी गावोगाव पोचली. आज धुऱ्याचा दिला, उद्या आपला देईल. साहेबांचा जुना ज्युनियर घनश्याम लगेच उभा राहिला. त्याच्या जाहीरनाम्यात एकच वाक्य होतं: ‘माझ्या कारकिर्दीत कोणीही हरणार नाही.’

साहेब तिसरी निवडणूक हरले. अनामत पुन्हा गेली. एका तरी घरातलं मत पक्कं आहे, अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते आभार मानायला विमलताईंकडे गेले. ताईंनी चहा दिला. मग खाली मान घालून म्हणाल्या, “साहेब, खोटं नाही बोलत. मत घनश्यामले देल्लं. धुऱ्याच्या वक्ताले माही बाजू खरी होती, म्हून तुमच्याकडून निकाल घेतला. पण आता वावरात जायच्या पांदण रस्त्याची केस चालू आहे. तिच्यात मीच जराशी रस्त्यात सरकून राह्यली. तुमच्यावानी माणूस खुर्चीवर मले कसा परवडन?”

साहेबांनी चहा संपवला. रागवावं असं त्यांना फार वाटत होतं, पण एवढं खरं त्यांच्या कोर्टात शपथेवरही कोणी बोललं नव्हतं.

तुम्हाला विमलताईंचा राग आला असेल, तर तो जरूर ठेवा. फक्त त्याआधी बाहेर जाऊन, तुमच्या फाटकापुढची पायरी रस्त्यावर किती आली आहे, तेवढं बघून या.