शिशाशेजारच्या खणाची मोहीम

शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत मूलद्रव्यांचे कपाट कैसे वसले, एका रिकाम्या खणापायी केवढे रण पेटले आणि अखेर कोण कोठे स्थानापन्न जाहले, ती हकीकत बैजवार लिहितो.

कदीम काळी या कपाटात निव्वळ बेबंदशाही होती. गंधक लोखंडाचे उरावर, जस्त फॉस्फरसामागे दडलेले. मग रसायनच्या बाई या मुलखावर तैनात जाहल्या आणि जगातील विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केले तेच क्रमाने करू लागल्या. प्रथम सारख्या स्वभावाच्या तिघातिघांच्या चौक्या बसविल्या, त्या पुऱ्या पडेनात. मग आठव्यास पहिल्याचा गुण येतो म्हणोन पलटणी केल्या, त्या पुढे जाऊन फितूर जाहल्या. मग वजनाचे चढत्या क्रमाने फौज उभी करून समान गुणांचे सरदार एकाखाली एक आणिले, आणि जेथे कोणी शोभेना तेथे जागा मोकळी सोडण्याचे धाडस केले. वायू सरदार बाटलीत हजर असोनही दिसत नव्हते, ती गोष्ट वेगळी. खरा रिकामा खण शिशाचे उजवे हातचा.

इतक्यात तपासणी येऊन ठेपली. मुख्याध्यापकांनी कपाट पाहिले आणि मर्जी खफा होऊन हुकूम केला की, तपासनीस येण्यापूर्वी खणात ही फुलदाणी ठेवावी, नपेक्षा कपाट खाली करून खेळाच्या चेंडूंस द्यावे. बाईंनी सुट्यांमागून सुट्या त्या कपाटात घातल्या होत्या. त्या हटेनात.

"सर, तो खण रिकामा नाही. राखून ठेवलाय."

कोणासाठी, ऐसा जाब आला, तेव्हा बाईंनी गैरहजर सरदाराचे वर्णन जाहीर केले: वरच्या अँटिमनीसारखा ठिसूळ, अणूच्या वजनास शिशाच्या थोडा वर, रंग रुपेरी, त्यास गुलाबी झाक, नाव बिस्मथ. सरांनी ही भाकडकथा ठरविली आणि तरातरा आपले दालनी परतले.

बाई फुलदाणी काखेत मारून विनवणी करावयास मागोमाग गेल्या. दालनात पंखा गरगरत होता, आणि मेजावरील कागदांवर मागल्या मुख्याध्यापकांपासून चालत आलेला एक गोळा बसला होता; रुपेरी, किंचित गुलाबी, कधी काळी पडून टवका उडालेला. बाईंनी तो उचलिला, हात झपकन खाली गेला, आणि त्यांनी तो उजेडात फिरवून टवक्याची गुलाबी झाक न्याहाळिली. डोळे भरून आले.

तोवर तपासणीचे कागद दालनभर उडाले होते. सरांनी कागदांकडे पाहिले, गोळ्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

"न्या," ते म्हणाले. "पण मला दुसरं काहीतरी जड द्या."

येणेप्रमाणे बिस्मथ शिशाचे शेजारी गादीनशीन जाहला, कपाट कायम जाहले, चेंडू पोत्यातच राहिले, आणि खण भरावयास निघालेली फुलदाणी मुख्याध्यापकांचे कागदांवर तैनात जाहली. मोहीम फत्ते.