नथ्थू आबांचे मोरपंखी घर

नथ्थू आबांच्या घरी कोणी कुठे बसायचे, हे त्याच्या डोक्यावर काय आहे त्यावरून ठरत असे. लाल पागोटे असेल तर बाहेरच्या ओट्यावर. पांढरी टोपी असेल तर दाराजवळ. काढून मांडीखाली ठेवली तर आणखी थोडे आत. काळ्या टोपीबद्दल आबांचे मत पक्के झालेले नव्हते. ते पाहुण्याला क्षणभर न्याहाळत आणि मग एखाद्या कोपऱ्याकडे बोट दाखवत. एकदा गल्लीतला मोठा सावकार ओट्यावर बसून होता आणि आत, सिंहासनावर, लग्नाच्या बँडमधला पिपाणीवाला चहा पीत होता. त्याच्या अंगात निळा डगला होता आणि डगल्याला पिवळी झालर होती. सावकाराने ह्या व्यवस्थेचे कारण विचारले.

"त्याना मेळ बसस," आबा म्हणाले. "तुमना बसत नही."

आबा मूळचे शिंदखेड्याकडचे. जळगावात कापसाच्या एका जिनमध्ये यंत्रांच्या तेलपाण्याचे काम पाहत. माझ्या घरासमोर त्यांनी भाड्याने घर घेतले ते दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधी, आणि तेव्हा ते घर इतर घरांसारखे पांढरे होते. पुढे ते आतून मोरपंखी झाले. भिंती मोरपंखी, दारे मोरपंखी, सामान मोरपंखी, आणि प्रत्येक वस्तूच्या कडेला हळदीसारखी पिवळी रेघ. रंग आबा घरीच करत. निळीची पूड आणि पिवडी जवसाच्या तेलात खलत आणि काडीने नखावर लावून पाहत. त्यांची नखे कायम मोरपंखी असत. त्यामुळे जिनमधले लोक त्यांना काही आजार आहे असे समजून त्यांच्याजवळ बसून जेवत नसत.

नवी वस्तू त्यांनी कधी घेतली नाही. "नवं ऐकस नही, भाऊ," ते मला म्हणत. "त्याले सोताना रंग राहस. जुनं गुमान ऐकस." आठवड्याच्या बाजारात आणि लिलावात ते मोडक्या वस्तूंसमोर उकिडवे बसत व त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत. मग ती वस्तू डोक्यावर घेऊन गल्लीत येत. मोडलेल्या टांग्याची बैठक भिंतीला लागून कोच झाली होती. रॉकेलच्या डब्यांची तिजोरी होती, तिच्यात ज्वारी असे. रुईच्या गाठींच्या लोखंडी पट्ट्या वाकवून भांड्यांची मांडणी केली होती. दवाखान्यातून आलेल्या एका कपाटावर मोठ्या अक्षरांत 'विष' असे लिहिलेले होते. आबांनी त्यावर रंगाचे हात दिले, तरी दुपारचे ऊन तिरपे पडले की तो शब्द पुन्हा वर येई. आबांच्या पत्नी बनाबाई त्या कपाटात लोणची ठेवत. नेहमीचे पाहुणे लोणचे सकाळीच मागून घेत.

सिंहासन एका फिरत्या नाटक कंपनीचे होते. कंपनी गावात मोडली आणि सामान विकून निघून गेली. बनाबाई त्यावर पाय वर घेऊन बसत आणि तूरडाळ निवडत. कोणी हसले तर म्हणत, "राजा पळी गया. राणी दाळ निवडी राहिनी."

"बठ्ठं एक दिखाले जोयजे," हे आबांचे ठरलेले वाक्य होते. सगळे एकसारखे दिसले पाहिजे. बनाबाईंनी आणलेली तांबडी टमाटी त्यांनी झाकून ठेवायला लावली होती. शेळीला मात्र रंग देता आला नाही. त्या दिवशी बनाबाई गोठ्याच्या दारात आडव्या झोपल्या आणि दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत.

इथपर्यंत हे गल्लीच्या करमणुकीचे होते. परंतु आबांना कौतिक नावाची लग्नाची मुलगी होती. एकुलती एक, सावळी, उंच, कमी बोलणारी. तिला पाहायला आलेल्या एका स्थळाने घरात पाऊल ठेवले, सभोवार पाहिले आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले. त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी होती. त्यांच्यानंतरच्या स्थळाने आबांच्या घराण्यात पूर्वी कोणी वेडे होते काय, अशी आमच्याकडे चौकशी केली. पूर्वीचे माहीत नाही, असे आम्ही सांगितले. ते स्थळही गेले. आता वय वाढत होते आणि आणखी एक नकार आला तर गावोगाव बभ्रा होऊन पोर घरीच राहील, ही धास्ती बनाबाईंनी उघड बोलून दाखवायला सुरुवात केली होती.

अशात धुळ्याचे एक चांगले स्थळ सांगून आले. मुलाच्या घरी शेती होती, पिठाची गिरणी होती. येण्याचा दिवस ठरला, आणि आदल्या दिवशी बनाबाई आमच्याकडे आल्या.

"भाऊ, तुमन्या चार खुर्च्या द्या."

"तुमच्याकडे सिंहासन आहे की."

"सिंहासन शे, टांगा शे. माणूसले बठाले काय शे?" त्या म्हणाल्या. "मन्ही पोर ह्या रंगनापायी कुवारी राही जाई. एक दिवस तरी हाई घर माणसासना घरनागत दिखू द्या."

माझ्या खुर्च्या शिसवी होत्या, गडद तपकिरी. त्या मी समोर पोचवल्या. आबांनी त्या भिंतीशी ओळीने मांडून घेतल्या, लांब जाऊन पाहिल्या, जवळ येऊन पाहिल्या आणि काहीच बोलले नाहीत. बनाबाईंना हे शुभचिन्ह वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले तेव्हा चारही खुर्च्या मोरपंखी होत्या. पिवळ्या रेघा मारण्याचे काम चालू होते.

"आबा, ह्या माझ्या खुर्च्या आहेत."

"तुमन्याच शेत," आबा मान वर न करता म्हणाले. "कोन नही म्हणस?"

बनाबाई चुलीपुढे डोक्याला हात लावून बसल्या होत्या. पाहुणे दुपारी आले. मुलाचे वडील, त्यांना नाना म्हणत, गुडघ्यांनी अधू असलेल्या मुलाच्या आत्या, त्यांना अक्का म्हणत, आणि मुलगा. घरभर जवसाच्या तेलाचा वास होता. नानांनी खुर्ची पाहिली, आपले धुवट धोतर पाहिले आणि ते उभे राहिले.

"बठा नाना. रंग वाळी गया," आबा म्हणाले. खात्री पटावी म्हणून त्यांनी खुर्चीवर तळहात दाबला आणि पाहुण्यांना दाखवला. तळहात मोरपंखी होता. तो आधीपासूनच तसा होता, पण हे पाहुण्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

"नको, नको. गाडीत बसूनच आलो," नाना म्हणाले.

वडील बसले नाहीत म्हणून मुलगाही बसला नाही. पाहुणे उभे म्हणून आबा उभे, आबा उभे म्हणून मीही उभा राहिलो. अशा रीतीने मुलगी दाखवण्याचा सबंध कार्यक्रम उभ्याने झाला.

उभ्या माणसाला फारसे काही विचारता येत नाही, हे त्या दिवशी दिसून आले. देण्याघेण्याचे बोलणे मांडी घालून, सुपारी कातरत, सावकाश होत असते. इथे प्रत्येकाच्या एका हातात पोह्यांची बशी होती, दुसऱ्यात चमचा. मुलीला चालून दाखव म्हणण्याची सोय नव्हती, कारण ती पोहे वाढत सारखी चालतच होती. नानांनी कुळाची चौकशी सुरू केली, ती आबांच्या आजोबांपर्यंत पोचली आणि तिथे त्यांच्या पाठीत उसण भरली. आबांचे संभाषणाकडे लक्ष नव्हते. ते कौतिककडे आणि तिच्या मागच्या भिंतीकडे आळीपाळीने पाहत होते. मधूनच त्यांनी तिला डोळ्यांनी खूण केली, दाराच्या उजेडातून थोडे आत सरकायला.

कौतिक सरकली नाही. तिने अक्कांचे पाय थरथरताना पाहिले होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अक्का, मन्हा खांदावर हात ठेवा. मले रंग लायेल नही."

अक्का मोठ्याने हसल्या. त्यांनी हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. नानांनी हुंड्याचा विषय काढताच त्या म्हणाल्या, "नाना, आटपा आते. पोर चांगली शे. मन्हा गुडघा आजपावत कोनले दिखना नही, तिले दिखना." मुलाला विचारले. तो म्हणाला, "अक्का म्हणस तसं." पण त्याआधीच तो कौतिककडे पाहून हसला होता.

लग्न झाले. कौतिक धुळ्याला गेली. गल्लीचे एकमत झाले की स्थळ घरामुळे नव्हे, घर असूनही जुळले. थोडे दिवस जाऊ देऊन मी खुर्च्या परत आणायला गेलो. आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. सासुरवाशिणी माहेरी येणार म्हणून घरोघर झोके बांधणे चालले होते. आबा अंगणात बसले होते. पुढ्यात झोक्याचा पाट होता, रंगाचा डबा उघडा होता, आणि ब्रश कोरडा होता.

"खुर्च्यांचा रंग खरवडून मिळेल का?" मी विचारले.

"मिळी," आबा म्हणाले. नेहमीसारखा वाद त्यांनी घातला नाही. ते आपण होऊन बोलू लागले. "पहिलं स्थळ उनं व्हतं, तवय घर पांढरं व्हतं. त्यासनी बाई दारमांच बोलनी. पोर काळी शे म्हणे. कौतिक पाणी लई ईसन उभी व्हती. तिनी आयकं." ते पाटावरची धूळ पुसत राहिले. "मी देखं, भाऊ. पांढऱ्या भितवर मन्ही पोर काळी दिखस. मंग बठ्ठा रंग लाई लाई देखा. ह्या रंगवर ती दिव्यानागत दिखस. मंग घरमां दुसरा रंग कसा ठेवू?"

लेकीपाठी उभे करायला माणूस अख्खे घर रंगवतो, हे मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

"परवा धुळ्याले गयथू," आबा म्हणाले. "त्यासनं घर पांढरंफेक शे. भित पांढरी, ओटा पांढरा. मी दारमां उभा राहिनू. मन म्हणे, आते कशी दिखी? ती आतमाईन उनी. अक्काना हात तिन्हा खांदावर व्हता. हासी राहिनी व्हती." त्यांनी पाट उलटा करून पाहिला. "तठे बी तशीच दिखनी. दिव्यानागत."

मग त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"आखाजीले ती येई राहिनी. ह्या पाटले कोनता रंग देऊ? तुम्हीच सांगा."

रंगाबद्दल आबांनी कोणाला विचारल्याचे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कौतिकला विचारा," मी म्हणालो.

आबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"तिले कधी इचारंच नही," ते म्हणाले.

आखाजीला त्यांच्या अंगणात झोका बांधला गेला तेव्हा पाट कोऱ्या लाकडाचा होता. सण संपायच्या आत तो गुलाबी झाला, लग्नातल्या गुलालासारखा भडक गुलाबी. कौतिकच्या हाताला तो रंग लागलेला होता आणि बनाबाईंच्या पदरालाही. घरातल्या कुठल्याही वस्तूशी त्याचा मेळ नव्हता. आबा त्यावर बसले होते, आणि मायलेकी मिळून त्यांना झोका देत होत्या.