सरवद्यांनी जमवलेला कॉम्प्युटर

आमच्या साखर कारखान्याचे वायरमन सरवदे भाजी घेताना आधी भाव विचारत नसत. वांगं हातात घ्यायचं, उलटसुलट करायचं आणि भाजीवालीला म्हणायचं, "ह्याची खोड सांगा." बिनखोडीची वस्तू जगात नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. आधी कळलेली खोड सांभाळून घेता येते, लपवलेली ऐन वेळी घात करते. मुरुम गावच्या बाजारात ते लांबून दिसले तरी भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसायच्या. पुतण्याच्या सोयरिकीला गेले तेव्हा मुलीकडच्यांनी तोंड उघडायच्या आत यांनीच नवऱ्या मुलाच्या तीन खोडी सांगून टाकल्या. सोयरीक जमली, हे विशेष.

असा माणूस कॉम्प्युटर जमवायला निघाला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटर फक्त पेपरातल्या फोटोत दिसायचा. कारखान्याची पगारपत्रकं आम्ही कारकून मंडळी हातानंच लिहीत होतो. आणि कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहणारा वायरमन म्हणत होता की सुटे भाग आणून घरीच बांधतो. मी त्यांचा शेजारी, कारखान्यात टाइमकीपर आणि स्वभावानं जरा कुजका. पहिला हसलो तो मीच.

कारण कळल्यावर मात्र हसू आवरलं. सरवद्यांची एकुलती मुलगी सुजाता पुण्याला पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकत होती. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि तेव्हापासून पोरगी सुट्टीला घरी आलीच नव्हती. सराव कॉलेजच्या लॅबमध्येच होतो, त्यामुळे सुट्टीतही होस्टेलवर राहावं लागतं, असं ती कळवायची. मागची दिवाळीही तशीच गेल्यावर सरवद्यांनी पत्र टाकलं, मशीन घरी असलं तर येशील का? तिनं हो म्हणून लिहिलं आणि सोबत लागणाऱ्या भागांची यादी पाठवली. ती यादी सरवद्यांच्या शर्टाच्या खिशात जी बसली ती घड्यांवर फाटेपर्यंत. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीआधी मशीन चालू झालं पाहिजे आणि लेक घरी आली पाहिजे, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बजेट म्हणजे मोटारसायकलसाठी साठवलेले पैसे, त्याच्या वर जायचं नाही.

साल दुष्काळाचं होतं. ऊसच नसल्यामुळे गाळप लवकर आटोपलं आणि सरवद्यांना वेळच वेळ मिळाला. कॉलनीत पाणी टँकरनं यायचं. घागरींच्या रांगेत ते यादी उघडून बसत. सगळी नोकरी सहकारात गेलेली, त्यामुळे एकट्यानं काही ठरवायची सवयच नव्हती. प्रत्येक भागाचा ठराव रांगेपुढं मांडायचे. रंगीत पडदा घ्यायचा की जास्त मेमरी, हा प्रश्न दोन दिवस चालला. मेमरी म्हणजे काय, असं माझ्या बायकोनं विचारलं.

"वहिनी, मेमरी म्हंजे हौद," सरवदे म्हणाले. "बारका आसला की लई लौकर भरतुया."

टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना हे एका क्षणात पटलं. जास्त मेमरीचा ठराव पास झाला, सूचक माझी बायको, अनुमोदक अख्खी रांग. पडदा हिरव्या अक्षरांचा घ्यायचं ठरलं. हार्ड डिस्कची किंमत ऐकून मात्र सभेनं ती फेटाळली, आणि दोन फ्लॉपी ड्राइव्हवर भागवावं असं बहुमतानं ठरलं. विरोधी मत नोंदवणारा मी एकटाच. पण रोज ऐकून ऐकून मलाही ती बाधा झाली, आणि महिन्याभरात मीच रजा टाकून त्यांच्याबरोबर हैदराबादच्या एसटीत बसलो.

तिथल्या बाजारात सरवद्यांनी पहिल्याच दुकानात कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड हातात घेऊन विचारलं, "मियाँ, इसकी खोड क्या है?" माल एकदम नवा आहे, खोट काढून दाखवा, असं दुकानदार तावातावानं म्हणाला. सरवद्यांनी बोर्ड अलगद खाली ठेवला. दुसऱ्या दुकानातही तेच झालं. तिसऱ्या दुकानातला म्हातारा मात्र चष्मा वर करून शांतपणे म्हणाला, "एक खाँचा बेकार है, बाकी सब चलता." म्हणजे कार्ड खोचायची एक खाच निकामी. सरवद्यांचा चेहरा असा उजळला की जणू सोयराच भेटला. मग काय, सगळी खरेदी तिथंच. एक बटण अडकणारा कीबोर्ड, कडेला रेघ दिसणारा पडदा, पंखा कुरकुरणारा पॉवर सप्लाय. प्रत्येक खोडीमागे भाव उतरत गेला आणि आम्ही बजेटात बसलो. येताना तो पडदा माझ्या मांडीवर होता. हुमनाबाद येईस्तोवर पाय बधिर झाले, पण मी तो कुणाच्या हातात दिला नाही.

मशीनसाठी पत्र्याची पेटी सरवद्यांनी स्वतः ठोकली. आमची वीज कधी मंद, कधी भडक, म्हणून तारेची वेटोळी गुंडाळून स्टॅबिलायझरही स्वतःच बनवला. दिवाळीच्या सुट्टीत सुजाता खरोखरच एसटीतून उतरली. पिशवीत मशीन चालू करायची फ्लॉपी घेऊन आली होती. त्या दिवशी टँकरची अख्खी रांग दोन खोल्यांत मावली. तिनं सगळ्या जोडण्या तपासल्या, सरवद्यांनी बटण दाबलं. पंखा कुरकुरला. पडदा काळाच. तेवढ्यात एक बारीक शिट्टी वाजली आणि पडद्यावर मेमरी मोजणारे हिरवे आकडे भराभर चढू लागले.

"हौद भरायलाय," माझी बायको म्हणाली. मी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मंडळी पांगली, सुजाता चहा ठेवायला आत गेली. मी कप आणायला गेलो आणि सहज बोलून गेलो, आता सुट्टीत लॅबची गरजच उरली नाही. तिनं मान खाली घातली.

"काका, सुट्टीत लॅब बंदच असते," ती म्हणाली. "आई नसलेल्या घरात यायचा धीर होत नव्हता. बाबांना सांगू नका."

मी अंगणात आलो. सरवद्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लॅबचं सांगितलं व्हय तिनं?"

मी हातातले कप उगाच पुसायला लागलो.

"मला ठावं हाय, अण्णा. मागल्या दिवाळीला शेंगाच्या पोळ्या घिऊन गेलतो पुण्याला. लॅबला ह्ये मोठं कुलूप. पोळ्या वॉचमनजवळ दिल्या, गावाकडच्या ट्रकवाल्यानं आणल्या म्हून सांग म्हणलं, आन् तसाच माघारी आलो. गाठ घेतली आसती तर लेकराला तोंडावर खोटं बोलावं लागलं आसतं."

मग एवढा खटाटोप कशाला केला, असं मी विचारलं.

"तिला यायला कायतरी निमित्त नको का?" ते म्हणाले. "मला ठावं हाय म्हून तिला बोलू नका."

एरवी कारखान्यातली एक बातमी माझ्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पण बापलेकीचं हे मात्र मी दोन्ही बाजूंनी सांभाळलं. त्या वेळी अंगणात मी त्यांना तसं वचन दिलं. तेवढ्यात आतून सुजातानं हाक मारली, "बाबा, या ना." सरवदे चपला न काढताच आत पळाले.