मागचे दोन स्पीकर

"गाडीचे ब्रेक जरा दाखवून आणतो," असं बायकोला सांगून गुणगुणे सकाळी निघाले ते थेट डेकवाल्याच्या शेडमध्ये. ब्रेकचं गॅरेज शेजारीच होतं, त्यामुळे हे अगदी खोटं नव्हतं. फार तर एक दुकान चुकलं होतं, इतकंच.

गुणगुणे हे त्यांचं आडनाव नव्हे. तोंडात सदा कसली तरी चाल घोळायची म्हणून लोकांनी पाडलेलं ते नाव; पण ते इतकं आडनावासारखं होतं, की आता पत्रंसुद्धा त्याच नावावर येत. बायको घरी गाद्या शिवायची आणि गुणगुणे आपल्या पिकअपमधून त्या पोचत्या करायचे. गाडीतला रेडिओ मुका होऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून हातात स्टिअरिंग आलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र तरळायचं: चारही अंगांनी गाणं झरतंय, रस्ता कापसासारखा मऊ झालाय, आणि आपण व आपल्या गाद्या अलगद ढगांमधून चाललो आहोत. हे बायकोला सांगण्यात अर्थ नव्हता. "गाडी चालवायचीय की मैफल भरवायचीय?" हा तिचा प्रश्न तिने न विचारताच त्यांना ऐकू यायचा.

डेकवाल्याने दुपारपर्यंत दारांत दोन स्पीकर बसवले, डेकशेजारी बोलण्यासाठी बोटाच्या पेराएवढा माइक चिकटवला आणि हौद्यात, केबिनच्या पाठीला, ट्रंकेएवढा वूफर आवळला. वूफरच्या डाव्या-उजव्या अंगाला आणखी दोन स्पीकर, ते खास गुणगुण्यांच्या हट्टापायी. माल उतरवतानाही त्यांना गाणं हवं होतं. हौद्यात नर्सांच्या वसतिगृहासाठीच्या अठरा गाद्या होत्या. त्या पाचच्या आत पोचवायच्या होत्या, आणि आत्ता तर कुठे तीन वाजत होते.

"मागचा आवाज पुढे बसून कळायचा नाही," डेकवाला म्हणाला. "आत चढा. आणि ताडपत्री खाली सोडा. उघड्यावर आवाज पळून जातो."

दोघे गाद्यांवर चढले. गुणगुण्यांनी मोबाइलवर एक संथ बासरी लावली. बसून ऐकताना डोकं ताडपत्रीला लागत होतं म्हणून ते आडवे झाले. एकट्याने आडवं होणं बरं दिसेना म्हणून डेकवालाही आडवा झाला. ताडपत्रीला बारीक भोकं होती. त्यांतून उन्हाचे पिवळे दोरे खाली सुटले होते आणि त्यांत कापसाचे तंतू तरंगत होते. ते बासरीच्या तालावर तरंगताहेत, असं गुणगुण्यांना वाटलं.

"डावीकडचा जरा बारीक येतोय का हो?" डेकवाल्याने विचारलं.

गुणगुण्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तराची वाट पाहायला डेकवालाही जागा नव्हता.

गुणगुण्यांना स्वप्न पडलं. ते एका रुंद नावेत निजले होते आणि नाव झाडांच्या सावल्यांमधून चालली होती. पाणी गोड होतं, वारा गोड होता. मग नावेने गिअर बदलला.

गुणगुण्यांनी डोळे उघडले. उन्हाचे दोरे आता एका बाजूने दुसऱ्या बाजूला झाडू मारल्यासारखे सरकत होते.

"अहो, उठा! गाडी चाललीय!"

"चालणारच," डेकवाला झोपेतच म्हणाला. "कामाची गॅरंटी आहे."

गुणगुण्यांनी त्याला गदागदा हलवलं. ताडपत्री बाहेरून दोरीने करकचून बांधलेली होती. एवढ्यात पुढून बासरीच्या वरताण अशी शीळ ऐकू आली आणि गुणगुण्यांचा जीव भांड्यात पडला. ही शीळ जगात एकट्या त्यांच्या मेहुण्याची होती. झालं होतं असं: गुणगुण्यांचा पत्ता नाही म्हणून बायकोने भावाला गॅरेजकडे पिटाळलं. त्याला शेजारच्या शेडमध्ये गाडी दिसली. किल्ली जागेवर, माल भरलेला, माणूस नाही. ताडपत्री सुटलेली पाहून त्याने 'हे भाऊजींचं असंच' म्हणत ती बांधली, आणि निघाला.

दोघांनी हाका मारल्या, केबिनच्या पत्र्यावर बुक्क्या मारल्या. पण मेहुण्याला नवा डेक भलताच आवडला होता. त्याने आवाज असा चढवला होता, की बुक्क्या त्याला तबल्यासारख्या लागत असाव्यात.

"गाणं बंद करा मोबाइलवरून!" डेकवाला ओरडला.

गुणगुण्यांनी बंद केलं. हाक मारायला त्यांनी श्वास भरून घेतला, तेवढ्यात पुढे डेकवर थापड बसली आणि रेडिओ दणक्यात सुरू झाला.

"थापड मारतोय हा नव्या डेकला!" डेकवाल्याने कपाळावर हात मारला. "त्याला फोन लावा आधी!"

गुणगुण्यांनी फोन लावला. रेडिओ आपोआप गप्प झाला. मेहुण्याने गाडी कडेला घेऊन, नाव न बघताच फोन उचलला. "हॅलो?"

"हॅलो?" चारही स्पीकर म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"कोण बोलतंय?"

"ए, नक्कल कुणाची करतोस?"

"नक्कल कुणाची करतोस?" असं चारी बाजूंनी दरडावून विचारलं गेलं आणि मग वूफरमधून अशी काही किंकाळी निघाली, की मेहुण्याने घाबरून फोन बंद केला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

"आलं लक्षात," डेकवाला म्हणाला. "तुमचा मोबाइल डेकला जोडलाय ना? मग त्याचं बोलणं स्पीकरमधून निघतं आणि पुढचा माइक ते परत त्यालाच पाठवतो. तुमचा आवाज कुठे जातच नाही. ब्लूटूथ बंद करा, मग बोला."

गुणगुणे ब्लूटूथ बंद करणार, तोच मोबाइल वाजला. बायकोचा फोन. मेहुण्याने पुढे डेकवरचं हिरवं बटण दाबलं, आणि गुणगुण्यांच्या दोन्ही कानांशी, शेजारी बसून बोलावं इतक्या स्पष्टपणे, बायको म्हणाली, "अहो, कुठे आहात?"

डेकवाल्याने 'बंद करा' अशी खूण केली. गुणगुण्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, मी आहे. भाऊजी कुठे दिसले नाहीत. गाद्या घेऊन मीच निघालोय."

"ब्रेक झाले?"

"ब्रेकचं माहीत नाही. पण गाडीत डेक बसवलाय. कसला खणखणीत! तुला बोलले नाहीत?"

गुणगुण्यांनी उशाशी असलेल्या गादीचं टोक घट्ट धरलं.

"बोलले कुठले," बायको म्हणाली. "पण आठ दिवस झोपेत मापं घेताहेत. परवा माझा खांदा वितीने मोजला आणि म्हणाले, इथे मोठा बसेल."

डेकवाल्याने तोंडात रुमाल कोंबला.

"रागावली नाहीस?"

"रागावू कशाला? बरंच झालं. त्या आवाजात ह्यांचं गुणगुणणं तरी बुडेल. चौदा वर्षं ऐकतेय, एक चाल सुरात लागेल तर शपथ!"

मेहुणा खदखदून हसला. गुणगुण्यांच्या लेखी गाडीच्या डुलण्यातली गंमत एकदम गेली. ते ब्लूटूथच्या बटणाकडे बोट नेत होते, तेवढ्यात बायकोचा आवाज खाली आला.

"पण खरं सांगू का रे? मागे दोन दिवस ते बाहेरगावी होते ना, तेव्हा मशीनच चालेना माझं. दोरा ओवलेला, कापड लावलेलं, पाय हलेना. घर कसं बंद पडल्यासारखं झालं होतं. शेवटी मीच गुणगुणायला लागले, तेव्हा कुठे एक खोळ पुरी झाली. आणि गंमत बघ, सगळं त्यांच्याच बेसुरात! त्यांना सांगू नकोस हं. डोक्यावर बसतील. आता तूच ठेव फोन, माझे हात कापडात आहेत."

"ठेवतो," मेहुणा म्हणाला आणि त्याच नादात शीळ घालू लागला.

गुणगुणे उताणे पडून राहिले. उन्हाचे दोरे त्यांच्या अंगावरून जात होते, येत होते. कुठून तरी एक मंद, एकसारखी घरघर येत होती. इंजिनाचीच असेल. तिच्या तालावर अठरा गाद्यांसकट आपण कुठल्या कुठे चाललो आहोत, असं त्यांना वाटलं. आणि खरंच, कुणी अडवलं नसतं तर ते गेलेही असते.

पण ताडपत्री उघडली. वसतिगृहाच्या बाईंनी आत डोकावून पाहिलं.

"आम्ही नुसत्या गाद्याच सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"भाऊजी!" मेहुण्याचा चेहरा उतरला. "तुम्ही कधीपासून आत?"

"आत्ताच जाग आली. मी काही ऐकलं नाही."

"काय ऐकलं नाही?"

"ते तूच बोललास ते... म्हणजे काहीच नाही. गाद्या उतरव."

मेहुणा संशयाने मागे वळून पाहत गाद्या वाहू लागला. गुणगुणे डेकवाल्याला घेऊन पुढे केबिनमध्ये येऊन बसले. इंजिन चालूच होतं. नव्या डेकचे निळे दिवे लुकलुकत होते. डेकवाला मात्र अस्वस्थ होता. त्याने दाराच्या स्पीकरला कान लावला.

"गुणगुणे, ही घरघर इंजिनाची नाही हो. स्पीकरमधून येतेय. अर्थिंग सुटलं बहुतेक."

"जाऊ द्या हो घरघर!" गुणगुण्यांचं चित्त कुठे थाऱ्यावर होतं! ते सीटवर रेलले आणि काचेतून आभाळाकडे बघत तृप्तपणे म्हणाले, "ऐकलंत ना मघाशी? चौदा वर्षांत तोंडावर बोलली नाही, पण आज कळलं. माझ्याशिवाय तिचं मशीन चालत नाही!"

घरघर थांबली. इंजिन तर चालूच होतं.

"चालतं हो," चारही स्पीकरमधून बायको म्हणाली. "जरा हळू चालतं, एवढंच."